ताकदीच्या गोळ्या

माझ्या छातीत दुखत होतं आणि माझं हृदय ठणठणीत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे पटायला मला चार महिने लागले. ज्यांना आत्ता असंच काहीतरी होतंय आणि जे ते लपवून बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी लेखक नाही. फोर्टमधल्या एका विमा कंपनीच्या कचेरीत मी हेड क्लार्क आहे. पण आमच्या लालबागच्या चाळीतला मी पहिला बी.ए., हे मी अजूनही सांगतो आणि सांगताना मला लाज वाटत नाही.

सुरुवात एका दुपारी झाली. समोर एक फाईल होती, त्यातली एकच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत होतो. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. मग छाती आवळल्यासारखी झाली, तळहात ओले झाले. शेजारच्या टेबलावरच्यांनी पाणी दिलं. "ॲसिडिटी असेल," मी म्हटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग रोजच. बसस्टॉपवर उभा राहिलो की वाटायचं, आता आपण इथेच पडणार आणि लोक गोळा होणार. घरी मुलीने अभ्यासातलं काही विचारलं तरी अंगावर ओरडायचो, आणि नंतर मोरीत नळ सोडून रडायचो. चाळिशी ओलांडलेला माणूस, मोरीत.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. हे आमचे घरचे डॉक्टर, मला लहानपणापासून ओळखणारे. कागद बघून ते म्हणाले, "वसंता, छाती चांगली आहे रे. हे मनाचं आहे. दादरला एक समुपदेशक बाई बसतात, त्यांना भेट."

"म्हणजे मी वेडा झालोय?"

"पाय मुरगळला तर तुला लंगडा म्हणतात का?"

त्यांनी बाईंच्या नावाची चिठ्ठी लिहून दिली. मी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि घरी येऊन सांगितलं, "काही नाही, अशक्तपणा आहे. ताकदीचं औषध घ्यायला सांगितलंय."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं, की ते मी पूर्वीही एकदा म्हटलं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

*

तीन आठवडे मी ती चिठ्ठी या शर्टातून त्या शर्टात हलवत होतो, शेवटी ती सापडली माझ्या बायकोला, सुनंदाला. कपडे भिजत घालताना ती खिसे बघते. ती फणसवाडीतली, भटाबामणांच्या शेजारात वाढलेली, तिचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ आणि जीभ माझ्यापेक्षा धारदार. ओलसर चिठ्ठी दोन बोटांत धरून ती माझ्यासमोर उभी राहिली.

"हे ताकदीचं औषध का?"

मी चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला, तिने ती मागे घेतली.

"तीन आठवडे? अहो, मी तुमच्यासाठी खारका भिजवतेय रोज!"

मला हसू आलं आणि मग ते थांबेना. हसण्याचं रडणं कधी झालं कळलं नाही. आई आतून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आत गेली. ती तिची पद्धत. गिरण्यांच्या संपाच्या काळात घरात मोठी माणसं रडत तेव्हाही ती अशीच आत जायची आणि भांडी घासत बसायची.

शनिवारी सुनंदा मला दादरला घेऊन गेली. जुनी इमारत, खाली शिंप्याचं दुकान, पहिल्या मजल्यावर बाईंची खोली. पन्नाशीच्या बाई, सुती साडी, टेबलावर स्टीलचा तांब्या. मी मनात ठरवून गेलो होतो, कोच वगैरे असेल तर आडवं व्हायचं नाही. तसलं काही नव्हतंच. दोन लाकडी खुर्च्या होत्या आणि एक स्टूल.

"काय होतंय?" बाईंनी मला विचारलं.

सुनंदा म्हणाली, "यांना छातीत दुखतं. झोप नाही. चिडचिड फार."

"तुम्हाला काय वाटतं?" बाई माझ्याकडेच बघत होत्या.

सुनंदा म्हणाली, "ऑफिसचं टेन्शन. बोलत नाहीत हो काही. मीच सांगते—"

बाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का? ते सांगतील. वेळ लागला तर लागू दे."

सुनंदा उठली. दार बंद झालं. आणि मी, जो चाळीत सगळ्यांचे अर्ज लिहितो, गणपतीच्या मंडपात माईक सोडत नाही, मला त्या खोलीत एक शब्द सुचेना. डोळ्यांसमोर दुसरीच एक खोली आली. परळच्या इस्पितळातली, जिन्याखालची. त्या दिवशी मी बाईंना काहीच सांगितलं नाही. संप कसा चिघळला, यावर अर्धा तास भाषण दिलं आणि उठलो.

*

आता ती जिन्याखालची खोली सांगतो. माझा आजार तिथून सुरू होतो, असं मला वाटतं.

माझे वडील साच्यावर होते, म्हणजे कापड विणणाऱ्या मागावर. मागांचा आवाज एवढा, की तिथे माणसं ओठांनी आणि हातांनी बोलत. बाबांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे घरीही ते मोठ्याने बोलत आणि हात सारखे हलवत. आई म्हणायची, "हळू बोला, मागार नाय उभे तुमी." संप सुरू झाला. पहिले काही महिने बाबा मोर्च्यांना जात, घसा बसवून येत. वर्ष उलटलं, तसे ते गप्प होत गेले. हातही गप्प झाले. सज्ज्यात बसायचे आणि पंच्याच्या टोकाचा एक एक धागा सोडवून त्याला गाठ मारायचे. मागावर धागा तुटला की मारतात ती, बारीक, दिसणारसुद्धा नाही अशी. दिवसभर. संध्याकाळी आई पंचा बघायची, टोकाला नुसत्या गाठी.

आईने गावी गाऱ्हाणं घालून घेतलं. आम्ही मालवणकडचे. आमच्याकडे देवाला स्वतः सांगत नाहीत, गावचा मानकरी, म्हणजे गावकर, सांगतो. बाबा नारळ घेऊन मान खाली घालून उभे, आणि गावकर त्यांच्या वतीने मोठ्याने बोलतोय, 'ह्या लेकराच्या मनात काय असात तर दूर कर म्हाराजा', आणि सगळे म्हणतायत, 'व्हय म्हाराजा'. मी मागे हाताची घडी घालून उभा होतो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षात तर्कशास्त्र शिकलो होतो, त्यामुळे मला त्या सगळ्याची कीव येत होती.

परत आल्यावर बाबांनी जेवण जवळजवळ सोडलं. पोटात दुखतंय म्हणाले. तेव्हा मी त्यांना परळच्या म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात नेलं. घरातला शिकलेला माणूस मी. फॉर्म मी भरायचे, साहेबांशी मी बोलायचं, हे घरात कुणी ठरवलं नव्हतं, ते तसंच होतं. डॉक्टरांनी पोट तपासलं, काही सापडलं नाही. "जिन्याखाली सोशल वर्करबाई बसतात, त्यांना भेटून जा," म्हणाले.

त्या बाई तरुण होत्या, माझ्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठ्या. त्यांनी बाबांना विचारलं, "काका, झोप लागते का?"

मी म्हणालो, "लागते."

लागत नव्हती.

"मनात काय येतं?"

मी म्हणालो, "संप आहे ना मॅडम. सगळ्यांचं तेच आहे. बाकी काही नाही."

त्यांनी मोठ्या आवाजात, बाबांकडे वाकून पुन्हा विचारलं. तेव्हा बाबांचे हात मांडीवरून उठले. कितीतरी दिवसांनी उठले. ते म्हणाले, "बाईनू, साचो बंद झालो ना, तेवापासून माका..."

"बाबा," मी म्हणालो, "बाईंना काम आहे. पोटाचं सांगा फक्त."

हात खाली गेले.

ते असं का केलं, याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते चांगलं नाही. मला त्यांच्या मालवणीची लाज वाटली. त्या बाई माझ्यासारख्याच शिकलेल्या होत्या आणि मला त्यांच्या बाजूला बसायचं होतं, बाबांच्या नाही.

उठताना बाईंनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. इंग्रजीत लिहिलेली. मानसोपचार विभाग, गुरुवार सकाळ. बाबा दारापर्यंत गेले होते. बाई हळू आवाजात मला म्हणाल्या, "त्यांना नक्की घेऊन या. तिथे बोलू द्या त्यांना. तुम्ही बाहेर थांबा."

*

चाळीच्या दाराशी खालच्या मजल्यावरचा दत्ताराम बसला होता. तोही संपकरी, पण जिभेचा संप कधी नव्हता. "काय रे ग्रॅज्वेट, म्हाताऱ्याक ठाण्याक धाडतस काय?" तो ओरडला. ठाणे म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. सगळे हसले. बाबांना ऐकू आलं नसावं, तेही सगळ्यांकडे बघून हसले.

त्याच महिन्यात मला विमा कंपनीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. सोबतच्या फॉर्मवर, घरात कुणाला मानसिक आजार आहे का, असा रकाना होता. मी तो फॉर्म पाठ केल्यासारखा वाचला होता.

वर आल्यावर बाबांनी विचारलं, "वसंता, काय लिवलाहा रे त्या चिठ्येत?"

मराठी ठळक अक्षरं ते वाचत. इंग्रजी मला विचारत. मी चिठ्ठी उघडली, वाचल्यासारखं केलं आणि म्हणालो, "ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्यात. अशक्तपणा आहे."

"मगे आण."

मी खाली गेलो. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सची पट्टी घेतली. पिवळ्या गोळ्या. चिठ्ठीचे तुकडे करून गटारात टाकले. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, हे खरं सांगायला हवं.

बाबा त्या गोळ्या सहा वर्षं घेत होते. सकाळच्या चहानंतर एक. नोकरी मला लागली. त्यांना गिरणीने परत घेतलं नाही. ते गावी जाऊन राहिले, आई इथे माझ्याकडे आणि कधी तिथे. गावच्या मास्तरांकडून ते पत्र लिहून घेत. शेवटी एकच ओळ ठरलेली: 'डॉक्टरांच्या गोळ्या संपत आल्या, पाठवणे.' मी पाठवत होतो. ते तापाने गेले, चार दिवसांत. त्यांना या आजाराने मारलं, असं मी म्हणत नाही. समजुतीसाठी म्हणत नाही आणि स्वतःला शिक्षा म्हणूनही नाही. ते गेले ते तापाने. पण त्याआधीची सहा वर्षं ते मनातलं काही बोलले नाहीत, ती तापाची नव्हती.

ट्रंकेत त्यांचे तीन पंचे मिळाले. टोकांना गाठी.

*

बाईंकडे मी दर शनिवारी जायला लागलो. त्यांनी मला एका मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. त्यांनी गोळ्या दिल्या. त्या मी घेत नव्हतो. उशीखाली ठेवायचो. एक दिवस सुनंदाने पाण्याचा पेला आणि गोळी तळहातावर घेऊन माझ्यापुढे हात केला. "असं काय लहान मुलासारखं? ताकदीची आहे समजा आणि घ्या."

मी पेला खाली ठेवला. उठून सज्ज्यात गेलो. तिला वाटलं, तिचं काही चुकलं.

त्या शनिवारी मी बाईंना सगळं सांगितलं. चिठ्ठी, गोळ्या, बाबांचं अर्धं वाक्य. अठरा वर्षांत पहिल्यांदा. सांगून झाल्यावर मी वाट बघत बसलो, की आता त्या म्हणतील, तुम्ही लहान होतात, तुमचा दोष नाही. तसं म्हणतात ना? मी ते ऐकायला तयार होऊन बसलो होतो.

त्या म्हणाल्या, "ते काय सांगणार होते, असं तुम्हाला वाटतं?"

"माहीत नाही."

"अठरा वर्षांत तुम्ही ते वाक्य कसं कसं पुरं केलंत?"

मला सुचतील तशी मी सांगत गेलो. माका भीती वाटता. माका जगासा वाटणा नाय. माका साच्याचो आवाज येता अजून. मी मालवणीत बोलतोय हे मला उशिरा कळलं. कॉलेजात गेल्यापासून घराबाहेर मी मालवणी बोललो नव्हतो. बाईंना सगळं समजलं असेल, असं नाही. त्यांनी तांब्यातलं पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "यातलं त्यांचं कुठलं, ते आता कळणार नाही. पण ही सगळी तुमचीही आहेत."

हे ऐकून बरं वाटलं नाही. पण त्या दिवसापासून मी गोळ्या घेऊ लागलो.

सुधारणा झाली ती फार हळू. ज्यांना वाटतं की एकदा मन मोकळं केलं की झालं, त्यांना सांगतो, तसं नसतं. दोन पावलं पुढे, एक मागे. एखाद्या शनिवारी मी बाईंवर चिडून निघून यायचो, "नुसतं बोलून काय होणार?" आणि पुढच्या शनिवारी वेळेआधी जिन्यावर उभा. ऑफिसात एकाने विचारलं, रोज कसल्या गोळ्या घेतोस? ताकदीच्या, असं ओठांवर आलं होतं. "डोकं ठीक राहायच्या," मी म्हणालो. तो चपापला. दोन दिवसांनी कॅन्टीनमध्ये मला गाठून म्हणाला, "त्या डॉक्टरचा पत्ता देशील? मेहुण्यासाठी हवाय." मेहुण्यासाठी नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळलं.

*

आईला सांगणं राहिलं होतं. ते मी बरेच दिवस टाळलं. शेवटी एका रविवारी सांगितलं. ती सुपात सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, घेऊन बसली होती, एकेकाचं डोकं खुडत. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं, की त्या गोळ्या डॉक्टरांच्या नव्हत्या. चिठ्ठीत दुसरंच होतं.

तिचे हात थांबले नाहीत.

"काय होता मगे?"

"बाबांना बोलवलं होतं. बोलायला."

"कोणाशी?"

"अशीच एक बाई होती. मी जातो तशा बाईकडे."

तिने आणखी दोन-तीन सुंगटं खुडली. मग ती म्हणाली, "रोज गोळी घेतल्यार म्हणत, आता बरा वाटतला. रोज म्हणत. मी म्हणय, होय, वाटतला." तिने सूप बाजूला ठेवलं. "माका वाटला, तू शिकलेलो. तुका समजता."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या पदवीवर त्या दोघांनी टाकलेला विश्वास होता तो. त्यानेच ते फसले.

त्यानंतर ती तीन-चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. सुनंदा म्हणाली, "कशाला सांगितलंत? म्हातारपणी तिला काय करायचंय ते?" मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

शनिवारी मी निघालो, चपला घालत होतो. आई घडीचं लुगडं नेसून दारात उभी.

"तुझी ती बाई," ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसांशी बोलता काय?"

मला आधी कळलंच नाही.

"माझ्याशी बोलतली काय ती?"

दादरचा जिना तिला जड गेला. गुडघे धरून, मध्ये दोनदा थांबून ती वर आली. बाईंना मी बाहेरूनच विचारलं, आजची माझी वेळ आईला दिली तर चालेल का? त्या म्हणाल्या, "या ना आजी." तिला खुर्चीवर बसवलं. सवयीने मीही दुसरी खुर्ची ओढली.

बाईंनी विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"

आईने माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर तिचं नाव कुणीतरी दुसऱ्यानेच सांगितलंय. आधी बाबांनी, मग मी. रेशनच्या रांगेत, इस्पितळात, मतदानाला. माझं तोंड उघडलंही होतं.

मी उठलो. "मी खाली आहे," म्हणालो आणि बाहेर आलो. दार लोटता लोटता तिचा आवाज ऐकू आला. आधी नाव, घसा साफ करून, स्पष्ट. मग थोडं थांबून, "बाईनू, माका..."

मी दार लावून घेतलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर क्षणभर पाय अडला. आतून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, आणि कान देऊन ऐकले असते तर कळलेही असते. मी खाली उतरलो. शिंप्याच्या दुकानापुढे उभा राहिलो. आत मशीन चालू होतं, वर ती बोलत होती, आणि ती खाली येईपर्यंत मी तिथेच उभा होतो.